दोन फुटांचा ड्रॉप आणि बेचाळिशीतला मी (उड्यांबद्दल सल्ला हवा आहे)

टेपाडावरचा | १७ नोव्हेंबर

मंडळी, इथे सायकलवर भरपूर धागे आहेत, पण सगळे लांब पल्ल्याचे. कोणी दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलस्वारी) केली, कोणी पुणे-गोवा, कोणी पुणे-पंढरपूर. माझा प्रश्न लांबीचा नाही, उंचीचा आहे. आणि उंची किती, तर दोन फूट. हसायचं नाही.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. लॉकडाउननंतर चौघांनी एमटीबी (डोंगरवाटेच्या सायकली) घेतल्या. रविवारी सकाळी वेताळ टेकडी, नाहीतर तळजाई-पाचगाव पर्वती, नंतर मिसळ, असं चाललेलं. दिवाळीनंतर भोरच्या पुढे एका मित्राच्या मामांच्या रानात दोन दिवस मुक्कामाला गेलो. डोंगराच्या पायथ्याला पडीक माळ आहे, छान उतार, जुन्या बांधांच्या पायऱ्या. मित्राने आधीच फोन करून मामांकडून ट्रॉलीभर मुरूम टाकून घेतला होता, त्याचा आम्ही दिवसभर फावड्याने बडवून टेबलटॉप केला (म्हणजे चढ, मधे सपाट, मग उतार. उडी कमी पडली तरी सपाटावर पडता, खड्ड्यात नाही). तो मला जमला. म्हणजे चाकं जमिनीवरून उचलली गेली असं बाकीचे म्हणाले, मला पटलेलं नाही.

पण बांधावरून खाली उतरणारा दोन फुटांचा ड्रॉप (म्हणजे काठावरून सायकलसकट थेट खाली) काही जमला नाही. तिघांनी केला. मी सात वेळा जोरात आलो आणि सात वेळा काठावर करकचून ब्रेक. आठव्यांदा तिघं ओरडले "चल रे, काही होत नाही", म्हणून हळूहळू गेलो, आणि पुढचं चाक असं खाली गेलं जसं काही विहिरीत पोहरा सोडलाय. हँडलवरून पुढे, थेट घाणेरीच्या झुडपात. मामा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "अवो पावणं, कडंनं वाट हाय की!"

सायकल हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), पुढे १२० मिमी दबणारा फोर्क, २९ इंची चाकं, आत ट्यूब. आता विचारायचंय असं की, चाक खाली का जातं? फुल सस्पेन्शन (मागेही शॉक असलेली) घेतली तर फरक पडेल का? आणि या वयात हे करावं का? बायकोचं उत्तर मला माहीत आहे, ते कृपया देऊ नका. पुढची ट्रिप डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

कुचकट पेठकर | १७ नोव्हेंबर

"कडंनं वाट हाय की" इथे धागा संपला. मामांना सदस्यत्व द्या, बाकीच्यांची रद्द करा.

चेन_उतरली | १७ नोव्हेंबर

पेठकर +१ :)

टेपाडावरचा, तुमचं उत्तर तुमच्याच लेखात आहे. "हळूहळू गेलो." ड्रॉप हळू केला की अवघड होतो, आणि हे कोणाच्याच डोक्यात शिरत नाही कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की भीती वाटली की हळू जा.

होतं काय, काठ जवळ आला की आपण तीन चुका एकदम करतो. ब्रेक धरतो, त्याने वजन पुढे येतं. खाली बघतो, त्याने डोकं आणि खांदे पुढे जातात. आणि शेवटच्या क्षणी हँडल छातीकडे ओढतो, त्याने चाक क्षणभर उचललं जातं पण हात मुडपतात आणि मग आपल्याकडे द्यायला काही उरतच नाही. करायचं उलटं. पेडल दोन्ही समपातळीत, त्यावर उभं राहायचं, गुडघे कोपरं सैल, काठाच्या जरा आधी खाली दबून बसल्यासारखं व्हायचं आणि पुढचं चाक काठावरून सुटताना सायकल पुढे ढकलायची, हात लांब करत. कंबर आपोआप मागे जाते. दळणाचा डबा फरशीवरून पुढे सरकवतो तसं. नजर उतरायच्या जागेच्याही पुढे.

आणि सीट खाली करा हो! ड्रॉपर (बटण दाबून सीट खालीवर करणारी दांडी) नसेल तर थांबून सीटखालचा क्विक रिलीजचा खटका सोडवून खाली करा, दोन मिनिटं लागतात. वर असलेली सीट ढुंगणाला लागते आणि तीच तुम्हाला पुढे फेकते. निम्मे लोक सीटमुळे पडतात आणि नाव सस्पेन्शनचं घेतात.

सराव फूटपाथवरून सुरू करा. बांधावरून नाही.

खडूफळा | १७ नोव्हेंबर

चेन_उतरली यांनी सांगितलंय त्याचा हिशोब मांडतो, राहवत नाही, मास्तर आहे.

२९च्या सायकलच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर साधारण ११५ सेंमी धरू. पुढचं चाक काठावरून सुटलं की मागचं सुटेपर्यंत सायकलला तेवढं अंतर पुढे जायचंय. दोन फूट म्हणजे ६० सेंमी पडायला वस्तूला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. आता ताशी १२ किमी वेग असेल तर ११५ सेंमी जायला लागणारा वेळही ०.३५ सेकंदच! म्हणजे त्याहून हळू गेलात आणि काहीच केलं नाहीत, तर मागचं चाक बांधावर असतानाच पुढचं जमिनीला टेकणार, सायकल उभी होणार आणि तुम्ही घाणेरीत. ताशी २० किमीला तोच वेळ ०.२१ सेकंद, तेवढ्यात पुढचं चाक वीसेक सेंमीच खाली जातं.

(ढोबळ हिशोब आहे, फोर्क फुलतो, सायकल मागच्या चाकाभोवती फिरते, तुमचं वजन कुठे आहे वगैरे सोडून दिलंय. पेपर तपासायला घेऊ नका.)

पान्ना नंबर १३ | १७ नोव्हेंबर

मास्तर भारी! पण मग ट्रायल्सवाले (सायकलवर अडथळ्यांच्या कसरती करणारे) भिंतीवरून जवळजवळ थांबून खाली उतरतात ते कसं? वेग शून्य.

चेन_उतरली | १७ नोव्हेंबर

ते पुढचं चाक स्वतः वर धरून ठेवतात, कंबर मागे टाकून किंवा पेडलला एक झटका मारून. येतं ते, पण ते शिकायला सहा महिने आणि दोन नडग्या लागतात. वेग असेल तर तेच काम वेग करतो. म्हणून म्हटलं हळू अवघड.

निळी छत्री | १८ नोव्हेंबर

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. बेचाळीस वय, घरात मुलं, ईएमआय, आणि बांधावरून उड्या? माझा मेव्हणा असाच मित्रांबरोबर गेला होता, कॉलरबोन मोडलं, दोन महिने ऑफिसला नाही, मोरी-बाथरूमला सुद्धा माणूस लागायचा आणि तो माणूस मी होतो. मित्र कुठे होते? मित्र पुढच्या ट्रिपला. "काही होत नाही" म्हणणाऱ्याला कधीच काही होत नाही हे लक्षात ठेवा.

साखरवाडीचा | १८ नोव्हेंबर

छत्रीसाहेब, या हिशोबाने चाळिशीनंतर ट्रेकही बंद, विहिरीत पोहणंही बंद. आम्ही लहानपणी भाड्याची सायकल तासावर घ्यायचो, सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारायची, आणि कालव्याच्या भरावावरून खाली सुसाट. ना हेल्मेट ना ब्रेक, ब्रेक म्हणजे चप्पल. एकदा उसाच्या पाटात गेलो ते पुढचं चाक आठ आकडा होऊन बाहेर आलं. दुकानदाराने वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी मला. तेव्हाचे वळ अजून आठवतात, पडल्याचं काही आठवत नाही.

निळी छत्री | १८ नोव्हेंबर

तेव्हा तुमचं वजन तीस किलो होतं.

साखरवाडीचा | १८ नोव्हेंबर

हा मुद्दा बाकी बिनतोड आहे.

पान्ना नंबर १३ | १८ नोव्हेंबर

माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे म्हणून लिहितो. टेपाडावरचा साहेब, फ्रेमवर बघा, बहुतेक खाली बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) आसपास किंवा सीटच्या नळीवर छोटं स्टिकर असेल, त्यावर १ ते ५ मधला आकडा. नसेल तर मॅन्युअलमधे. अमेरिकेच्या एएसटीएम मानकाची वर्गवारी आहे. २ असेल तर १५ सेंमीपर्यंतचे ड्रॉप, ३ असेल तर ६१ सेंमी, ४ ला १२२ सेंमी, ५ म्हणजे डाउनहिल आणि मोठ्या उड्यांसाठी. १२० फोर्कवाल्या बऱ्याच हार्डटेल ३ मधे असतात. ६१ सेंमी म्हणजे किती? बरोबर दोन फूट. म्हणजे तुम्ही सायकलच्याही काठावर आहात, हे मित्रांना सांगा म्हणजे पुढच्या वेळी तीन फुटांचा बांध शोधणार नाहीत.

मी बघितलेल्या मोडलेल्या फ्रेम बहुतेक पुढच्या टोकाला, डाउनट्यूब (खालची तिरकी नळी) जिथे हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) जोडलेली असते तिथे तडकलेल्या. धुतल्यावर तिथे बोट फिरवून बघत जा, रंगाला केसासारखी रेघ दिसली की सायकल बाजूला.

ट्यूब आहे म्हणताय तर हवा फार कमी करू नका. उडीनंतर रिम ट्यूबला चावते, सापाने डसल्यासारखी दोन भोकं शेजारीशेजारी. ट्यूबलेस केली तर कमी हवेत चालेल.

फुल सस्पेन्शन घ्या असं मी धंदा म्हणून सांगू शकतो, पण आत्ता नका घेऊ. हार्डटेलवर चुकलं की लगेच कळतं. महाग सायकल चुका झाकते, आणि झाकलेली चूक मोठ्या उडीला बाहेर येते.

गियरपुराण | १८ नोव्हेंबर

इथे असहमत. चाळिशीत पाठ आहे, गुडघे आहेत, सगळ्यांना पंचविशीतल्या पोरांसारखं हार्डटेलवर "शिकायला" सांगणं ही एक फॅशन झालीये. मी १४० मिमी फुल सस्पेन्शन घेतली आणि माझी पाठदुखी गेली. पैसे असतील तर घ्यावी. फक्त सॅग नीट लावा (बसल्यावर मागचा शॉक पंचवीस ते तीस टक्के दबला पाहिजे) आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत फुलायचा वेग) फार जलद ठेवू नका, नाहीतर उडीच्या तोंडाशी मागचं चाक बैलासारखं लाथ मारतं.

पान्ना नंबर १३ | १८ नोव्हेंबर

पाठदुखी गेली ते सायकलमुळे की ऑफिसची खुर्ची बदललीत त्यामुळे? खुर्चीवर पण तुमचाच धागा होता. (हलके घ्या.)

वेल्श वडापाव | १८ नोव्हेंबर

मी कार्डिफला असतो. इथून जवळ मर्थर टिडफिलला बाइकपार्क वेल्स आहे, २०१३ला सुरू झालं. डोंगरावर व्हॅनने सायकलसकट नेऊन सोडतात आणि खाली यायला हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या रंगाच्या वाटा, रंगानुसार अवघड. आम्ही चार मराठी आणि एक तेलुगू असे पावसात जातो. (पावसात म्हणजे वर्षभर.)

मुद्दा असा की नीट बांधलेल्या वाटेवर ड्रॉपच्या शेजारून जायला बहुतेक वेळा एक सोपी वाट असते. तिला इथे चिकन लाइन म्हणतात. कोंबडीवाट. म्हणजे मामांनी जे सांगितलं ती ट्रेल बांधणाऱ्यांची पहिली शिकवण आहे! पहिल्या फेरीला सगळ्यांनीच कोंबडीवाटेने जायचं, खाली उतरून लॅन्डिंग बघायचं, दगड बाजूला करायचे, मग वर.

लॅन्डिंग सपाटावर आहे का तुमचं? ते लिहिलं नाहीत.

टेपाडावरचा | १८ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. पेठकर, मामांना सांगितलं, म्हणाले वर्गणी किती.

स्टिकर सापडलं, खरंच ३ आहे! सीट खाली केली नव्हती, हे लिहायलाही लाज वाटतेय. लॅन्डिंग सपाट, जुनं खाचर आहे, कडक माती.

खडूफळा | १८ नोव्हेंबर

वडापाव यांचा प्रश्न फार महत्त्वाचा. ६० सेंमीवरून पडल्यावर खालच्या दिशेचा वेग होतो ताशी साधारण १२ किमी. सपाटावर तो सगळा तुमच्या घोट्या-मनगटांनी जिरवायचा. पण ताशी २० किमीने पुढे जात असाल तर टेकताना सायकलची दिशा जमिनीशी तिसेक अंशाचा कोन करते. लॅन्डिंगलाही तेवढाच उतार असेल तर चाकं जमिनीला समांतरच येतात आणि धक्का जवळपास लागत नाही. उरलेला मुरूम तिथे टाका.

भाकरतुकडा | १९ नोव्हेंबर

सगळे दादालोक हिशोब करताहेत, मी अनुभव सांगते. मी अडतिसाव्या वर्षी शिकले. नवऱ्याच्या ग्रुपबरोबर जायचे तेव्हा तीन महिन्यांत एक ड्रॉप झाला नाही, कारण खाली पाचजण मोबाइल घेऊन उभे आणि सगळे एकदम ओरडणार, ब्रेक सोड, मागे जा, खाली बघू नकोस. खाली बघू नकोस म्हटलं की माणूस कुठे बघतो?

मग एका मैत्रिणीने वेगळं केलं. म्हणाली, तू फक्त माझ्या मागे ये, दोन सायकलींचं अंतर ठेव, माझ्या पाठीकडे बघ आणि मी पेडल मारायची थांबले की तूही पेडल मारू नकोस. ती गेली, तिच्या मागे मी गेले, खाली उतरल्यावर विचारलं ड्रॉप कुठे होता? झाला म्हणे. वेग किती ठेवायचा हे सांगून कळत नाही, कोणाच्या तरी मागे गेलं की कळतं. फक्त ती व्यक्ती मधेच ब्रेक मारणारी नको. माझा नवरा मारतो. तो हा धागा वाचतो, वाचू दे.

रानातली वाट | १९ नोव्हेंबर

एक विनंती, विषय निघालाच आहे तर. मामांच्या रानात काय करायचं ते करा, पण टेकडीवर कृपया फावडं घेऊन जाऊ नका. वेताळ टेकडीवर कोणीतरी वाटेत दगड रचून रॅम्प केलेले मी दोनदा बघितलेत. वनखात्याची जमीन आहे, सकाळी शेकडो म्हातारीकोतारी चालायला येतात, वळणावर सुसाट सायकल आली तर त्यांनी उडी कुठे मारायची? शिवाय टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खडीत खडीसारखी दिसतात, तुम्हाला कळणारही नाही. आधीच टेकडीवरून रस्ता नेण्यावरून इतकी वर्षं भांडतोय, त्यात आपणच ओरखडे नकोत.

टेपाडावरचा | १९ नोव्हेंबर

शंभर टक्के मान्य, टेकडीवर आम्ही फक्त चालवतो, खणत नाही. भाकरतुकडाताई, तुमची युक्ती डिसेंबरला नक्की करणार. मनगट जरा दुखतंय पडल्यापासून, तोवर बरं होईल.

हाडांचा हिशोब | १९ नोव्हेंबर

थांबा. इतक्या वेळ नुसता वाचत होतो. मनगट "जरा" म्हणजे कुठे? पडून किती दिवस झाले? एक्स-रे काढला?

टेपाडावरचा | १९ नोव्हेंबर

बारा दिवस. अंगठ्याच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता, काही नाही म्हणाले, क्रेप बँडेज दिलं. सूज नाही. फक्त पाण्याची बाटली उघडताना कळ येते.

हाडांचा हिशोब | १९ नोव्हेंबर

अंगठा ताठ वर करा, लिफ्ट मागताना करतो तसा. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमधे खळगा पडतो. पूर्वी त्यात तपकीर ठेवून ओढायचे म्हणून त्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. तिथे बोटाने दाबा. दुखलं तर उद्याच्या उद्या ऑर्थोपेडिककडे जा.

त्याखाली स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं, हात टेकून पडलं की हमखास मोडणारं. पहिल्या एक्स-रेमधे ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढतात किंवा एमआरआय करतात. दुर्लक्ष करायचं नाही, कारण या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने आत शिरून उलट मागे जातं. मधे मोडलं की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग ते जुळत नाही आणि पुढे कायमचं मनगट धरतं. इथे बसून निदान करत नाहीये, पण ड्रॉपचा धागा आठवडाभर बाजूला ठेवा.

टेपाडावरचा | १९ नोव्हेंबर

दुखलं. चांगलंच.

कुचकट पेठकर | १९ नोव्हेंबर

आता गंमत नाही, जा बरं उद्या.

टेपाडावरचा | २३ नोव्हेंबर

एमआरआय झाला. स्कॅफॉइडला मधोमध चीर आहे, हाड सरकलेलं नाही, ऑपरेशन नको म्हणाले. प्लास्टर, आठ आठवडे. हाडांचा हिशोब, तुमचे आभार कसे मानू, मी खरंच बँडेजवर काढणार होतो. डाव्या हाताने टाइप करतोय, शुद्धलेखन माफ करा.

बायकोने धागा वाचला. निळी छत्री यांचा पत्ता मागतेय, राखी पाठवायची म्हणे.

निळी छत्री | २३ नोव्हेंबर

काळजी घ्या. मी बरोबर ठरलो याचा आनंद अजिबात नाही. (थोडा आहे.)

पान्ना नंबर १३ | २३ नोव्हेंबर

हेल्मेट आपटलं होतं का? आपटलं असेल तर बदला, आतला थर्माकोल एकदाच दबतो, बाहेरून धड दिसलं तरी.

टेपाडावरचा | १६ डिसेंबर

ट्रिपला प्लास्टरसकट गेलो, कॅमेरामन म्हणून. मुरूम टाकून लॅन्डिंगला उतार केला, मास्तरांच्या तीस अंशांसाठी मोबाइलवर कोन मोजला. आणि तिघांचं स्लो मोशन शूटिंग केलं. काय सांगू! जो मित्र मला सगळ्यात मोठ्याने "ब्रेक सोड" ओरडत होता त्याची स्वतःची दोन बोटं शेवटपर्यंत ब्रेकवर, मागचं चाक घसरत काठावर येतं आणि पुढचं आधी टेकतं. तो वाचतो कारण सीट खाली आहे. दुसरा डोळे मिटतो. चक्क मिटतो. तिसऱ्याचं बरं आहे. रात्री शेकोटीजवळ व्हिडिओ दाखवले तर दोघं गप्प, मामा मात्र पुन्हा पुन्हा लावा म्हणत होते.

भाकरतुकडा | १६ डिसेंबर

डोळे मिटणारा माझा नवरा तर नव्हे ना?

गियरपुराण | १७ डिसेंबर

धागा वर काढतोच आहोत तर, प्लास्टर निघाल्यावर हँडलची ग्रिप जाड फोमची घ्या, मनगटाला बरं.

टेपाडावरचा | ९ मार्च

धागा वर काढतोय.

जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं, मग महिनाभर रबरी चेंडू दाबणे. फेब्रुवारीत सोसायटीच्या फूटपाथवरून सुरुवात केली, पंधरा सेंमी, रोज वीस वेळा. चौथ्या दिवशी वॉचमनने चेअरमनना सांगितलं, चेअरमननी बायकोला. मग मैदानावर पॅव्हरब्लॉक रचून त्यावर फळी टाकून एक फूट केलं. दळणाचा डबा मनात ठेवून ढकलत होतो, एका संध्याकाळी अचानक कळलं की आवाज बदललाय, आधी "धप्... धप्" यायचा, आता एकच "धप".

परवा भोरला गेलो. बघतो तर टेबलटॉप गायब. मामांनी सगळा मुरूम गोठ्यात पसरलाय, म्हशीच्या पायाखाली चिखल होत होता म्हणे. लॅन्डिंगचा उतार तेवढा ठेवला होता, "तुमचा हात मोडला व्हता म्हनून." पहिल्या दोन फेऱ्या कोंबडीवाटेने. तिसऱ्यांदा ज्याचं बरं आहे त्या मित्राच्या मागे, त्याच्या पाठीकडे बघत. ब्रेकला बोट लावलं नाही. गेलो. सायकलच्या मीटरवर १७ होता. खाली उतरून वळून बघितलं तर बाकीचे दोघं पिठलं-भाकरी खात होते, कोणीच शूटिंग केलं नाही. मामांनी बघितलं. म्हणाले, "मंग ती कडंची वाट नांगरू का आता?"

नको म्हणालो.

हाडांचा हिशोब | ९ मार्च

मनगट कसंय?

टेपाडावरचा | ९ मार्च

बाटली उघडतो आता. थंडीत जरा धरतं.

साखरवाडीचा | १० मार्च

लई भारी! फुल सस्पेन्शन घेणार असाल तर हार्डटेल विकताना आधी मला कळवा, पोराला हवीय. कैची मारणार नाही म्हणतो.